फ्रीझरची डावी बाजू

ब्रेक्केच्या शेतावरचा एक बैल चार गिऱ्हाइकांत जातो. प्रत्येकाला चौथाई, म्हणजे एका अर्ध्यात दोघं. कुणाच्या अर्ध्यात कोण जोडीदार आहे, हे ब्रेक्के दरवर्षी फोन करून कळवतो. त्या मार्चमध्ये तो कळवायला विसरला. म्हणून एका गुरुवारी मी आणि एक अनोळखी माणूस बर्डीनच्या कसाईखान्यात, एकाच अर्ध्या बैलाचे दोन वेगवेगळे कागद घेऊन उभे होतो. स्टेक किती जाड कापायचे, भाजायला मोठे तुकडे किती ठेवायचे, उरलेल्याचा खिमा किती, हे सगळं त्या कागदावर लिहून द्यावं लागतं.

"दोन कागद चालायचे नाहीत," बर्डीन काउंटरमागून म्हणाली. "अर्ध्याला कागद एकच. तिकडे बसा आणि काय ते ठरवा. भांडायचं असेल तर बाहेर जाऊन भांडा, पोरांनो."

बाहेर गारांचा पाऊस चालला होता, म्हणून आम्ही बसलो. पेन्सिल एकच होती. त्याच्या बोटांची सालं निघाली होती आणि अंगठ्याचं नख निळं पडलं होतं.

"गॅरेट व्हॉस," तो म्हणाला. "गाईंची खुरं तासतो."

"सिग्नी टॉर्गरसन. माणसांचे दात साफ करते."

"मग आपला धंदा एकच की! माझं गिऱ्हाईक लाथ मारतं, एवढाच फरक."

"माझं चावतं."

तो हसला. मी कागदाकडे बघितलं. चौतिसाव्या वर्षी माणसाने असल्या हसण्याला भुलू नये, असं माझं मत होतं.

"स्टेक किती जाड लिहू?" त्याने विचारलं.

"पाऊण इंच."

"पाऊण इंचाला स्टेक नाही म्हणत, चप्पल म्हणतात. दीड लिहितो."

"दीड इंच आतून कच्चा राहतो."

"तुम्हाला कुणी नीट करून घातला नसेल…"

हे बोलून त्याचेच कान लाल झाले. एक इंचावर तडजोड झाली.

"आणि एका पाकिटात किती?"

"एक," मी म्हणाले.

"दोन ठेवू ना. कुणी जेवायला आलं तर?"

"येत नाही कुणी."

"बरं…" त्याने पेन्सिल जिभेला लावली. "मग दोनच."

आणि त्याने दोनवर खूण केली. मला ती खोडता आली असती. का खोडली नाही, ते मला तेव्हाही ठाऊक होतं.

मांस दोन आठवडे थंड खोलीत टांगून राहतं, मग कापतात. एप्रिलमध्ये आम्ही ते आणायला गेलो आणि त्याच्या गाडीच्या मागच्या फळीवर वाटणी केली. एक तुला, एक मला, शाळेतल्या पोरांसारखी. वाटणी झाल्यावर तो आपल्या ढिगाकडे बघत राहिला.

"एवढं असतं?"

"मग चौथाई म्हणजे पिशवीभर वाटलं होतं का?"

"लहानपणी काकूकडे ते नेहमी तळघरात असायचं. ती वरून हाक मारायची, मी खाली जाऊन एक पाकीट आणायचो. ढीग कधी मोजला नाही."

जन्म गोठ्यात गेला, आणि या माणसाला चौथाई बैलाला किती जागा लागते ते माहीत नव्हतं! तो गुरांच्या खाद्याच्या दुकानावरच्या एका खोलीत राहायचा. तिथे फ्रिज होता तो बर्फाच्या दोन ट्रे मावतील एवढा. काकाच्या पाठीचं ऑपरेशन झालं म्हणून तो वर्षभरापुरता आयोवात आला होता. नोव्हेंबरात काका उभा राहणार आणि हा आयडाहोला, मोठ्या डेअरीवर, कायमच्या कामाला जाणार. हे सगळं त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. फसवलं कुणी कुणाला नाही.

माझ्या तळघरात लिलावात घेतलेला मोठा आडवा फ्रीझर आहे. मी मध्ये फळी घातली. डावी बाजू त्याची, उजवी माझी.

पहिल्या रविवारी तो आला, एक पाकीट घेऊन गेला. दुसऱ्या रविवारी मी म्हणाले, "कॉफी आहे अजून." आमच्याकडे माणसं कुणाला थांब म्हणत नाहीत. कॉफी आहे म्हणतात. तिसऱ्या रविवारी त्याने मोठा तुकडा वर आणला आणि दारातच उभा राहिला.

"एकट्याला हा फार होईल, नाही का?"

"होईल."

"बटाटे आहेत?"

"बटाटे आहेत, गाजरं आहेत, कांदेही आहेत. बूट काढ आणि आत ये."

त्यानंतर रविवार त्याचेच झाले. तो अंगणातल्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायचा, तरी त्याला गोठ्याचा वास यायचा. मला त्या वासाचं काही वाटेनासं झालं. मग तो वास न येणारा सोमवार मला रिकामा वाटू लागला.

जुलैत एका दुपारी वादळ आलं आणि गावची वीज गेली. फ्रीझर उघडला नाही तर मांस दिवसभर टिकतं, हे कुणालाही ठाऊक आहे. तरी तो भिजत, धापा टाकत आला. आम्ही फ्रीझरवर गोधड्या टाकल्या आणि कुणी झाकण उघडू नये म्हणून स्वतःच वर बसलो. उघडायला घरात दुसरं कुणीच नव्हतं.

"सिग्नी…"

"काय?"

"काही नाही. वीज आली की सांगतो."

वीज यायला तीन तास लागले. तेवढा दम त्याला निघाला नाही. त्याने मला जवळ घेतलं, तेव्हा त्याच्या केसांतलं पाणी माझ्या मानेवर उतरलं आणि मी सरकले नाही. मी फार सुखात होते, हे इथे लिहून टाकते.

पण आयडाहोबद्दल तो बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. याआधी दोन माणसं माझ्या घरातून गेली होती. एकालाही मी राहा म्हणाले नव्हते. दोघांनाही वाटेत खायला सँडविच बांधून दिली होती.

सप्टेंबरात डाव्या बाजूचा तळ दिसायला लागला. तेव्हापासून मी जे केलं ते शहाण्या बाईचं काम नव्हे. दर शनिवारी तळघरात जायचं आणि उजवीकडची दोन पाकिटं डावीकडे ठेवायची. स्वतः आठवडाभर अंडी खायची. त्याचं मांस शिल्लक आहे तोवर तो येईल, असा माझा हिशोब.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तो खाली गेला आणि बराच वेळ वर आला नाही. मी जिन्यावरून वाकून बघितलं. तो फ्रीझरपाशी उभा होता. हातात कागदात गुंडाळलेलं मोठं पाकीट.

"ही ब्रिस्केट," तो म्हणाला, "डाव्या बाजूला होती."

"मग तुझीच असेल."

"अर्ध्या बैलाला छातीचा हा तुकडा एकच असतो. बर्डीनने त्याचे दोन केले. माझा मी चार जुलैला काकाकडे नेला. तू होतीस, तू तीन वेळा वाढून घेतलास."

इतकी वर्षं बीफ घेते मी. खिमा हलवला असता तर देवालाही कळलं नसतं. आणि मी ब्रिस्केट उचलली होती!

"कधीपासून चाललंय हे?" त्याने विचारलं.

"सप्टेंबर."

"म्हणजे मी दोन महिने तुझंच खातोय?"

"मला वाटलं… तुझं संपलं की तू यायचा थांबशील."

"वेडी आहेस का? मी आलोच असतो."

"कशाला?"

"तुझं खायला!"

तो हसला, मला हसू आलं नाही. कॉफी आहे म्हणावं असं मनात आलं. कॉफी होतीही.

"जाऊ नकोस," मी म्हणाले. "आयडाहोला जाऊ नकोस, गॅरेट. इथे राहा. मला तू हवा आहेस."

त्याने पाकीट माझ्या हातात दिलं आणि माझ्या बाजूने जिना चढून वर गेला. मला वाटलं, गेला. मग वर फोनचं बटण दाबल्याचा आवाज आला.

"मिस्टर ओल्सन? रविवारी त्रास देतोय, डेअरीच्या कामाबद्दल… नाही, मी येत नाही… नाही, पगाराचं काही नाही… काका बरा आहे, हो, अर्धी गिऱ्हाइकं तो मला देईल… नाही, आई ठणठणीत आहे." मग त्याचा आवाज खाली आला. "हो. तेच. नाव सिग्नी… दात साफ करते… नाही, आजवर चावली नाही."

मी जिन्यावर उभीच होते आणि माझी बोटं गारठून बधिर झाली होती. मी वर जाऊन ब्रिस्केट फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवली. तिथे ती वितळायला दोन दिवस लागतात. आम्हाला घाई नव्हती.