हौसाबाईंचं कोठीघर

दिपिका आली ती खोपटच्या एसटी आगारातली ड्यूटी संपवून, खाकी गणवेशातच. ठाण्यात टेंभी नाक्यावरच्या खासगी गुप्तहेर जया कर्णिक यांच्या कचेरीत येणारी माणसं आधी चहा घेतात आणि मग रडतात. ही चहाला शिवली नाही आणि रडलीही नाही.

"बालगृहातल्या हौसाबाईने पोराला मारून कोंडलं म्हणतायत. उद्या बालकल्याण समितीपुढे सुनावणी आहे. मॅडम, मी तिकडेच वाढलेय. मला टायफॉइड झालेला, तेव्हा ती माझ्या उशापासून हलली नव्हती. मी आज कमावून खाते ती तिच्यामुळे. तिने नाही मारलं."

"नसेल मारलं, तर ज्याने मारलं तो अजून त्या मुलांमध्येच आहे," जयाबाई म्हणाल्या आणि पर्स उचलून उठल्या.

मागोमाग धनेश मढवी उठले. पोलिसातून निवृत्त झालेला हा आडदांड माणूस जयाबाईंचा उजवा हात होता. डोकं मात्र जयाबाईंनी स्वतःकडेच ठेवलं होतं.

कल्याणच्या त्या बालगृहाकडे जाताना दोघं आधी खाडीकाठी हौसाबाईंच्या घरी थांबले. बालगृहात स्वयंपाक करण्यात जन्म घालवलेली ही कोळीण ओट्यावर नुसती बसून होती. कोंडण्याच्या प्रकाराआधी दोन दिवस तिला त्याच पोराच्या, आर्यनच्या, पाठीवर वळ दिसले होते. कोणी मारलं ते पोरगं सांगेना.

"मी जेवनाच्या वक्ताला सगल्यांसमोर बोलले, कोन मारतो त्याला हुडकून मॅडमपुढं उभा करीन. दुसऱ्याच दिवशी माज्यावरच आला. पोरावर हात उचलाचा कसा, मना नाय जमत बाय."

बालगृहाच्या अधीक्षक योगिनी राणे कडक बाई होत्या. खासगी गुप्तहेर त्यांना पसंत नव्हते, पण चार रात्री त्यांना झोप नव्हती, म्हणून त्यांनी दोघांना आत घेतलं. घडलं होतं ते असं. नऊ वर्षांचा आर्यन शाळेतून आला आणि दिसेनासा झाला. संध्याकाळी काळजीवाहक प्रणित सरांना तो स्वयंपाकघरामागच्या कोठीघरात सापडला. कोठीघर हौसाबाईंच्या ताब्यातलं, त्याच पोराला कोंडून बाजारात गेल्या असा सगळ्यांचा समज झाला. कोठीघराला बाहेरून कुलूप होतं आणि चावी नेहमीसारखी खुंटीला. राणे मॅडमनी हौसाबाईंना घरी पाठवलं, कोठीघर आत न डोकावता बंद केलं आणि चावी स्वतःकडे ठेवली. मुलगा तेव्हापासून गप्प होता.

पहारेकरी तानाजीच्या हातात वेताची छडी बघून धनेशरावांच्या भुवया वर गेल्या. छडी कुत्र्यांसाठी आहे, तानाजी कुरकुरला. दुपारभर तो फाटकावर होता. हौसाबाई पिशवी घेऊन गेल्या, एवढंच त्याने पाहिलं होतं.

प्रणित सर तरुण आणि मऊ बोलणारे होते. त्यांचा डबा बाहेरून यायचा, स्वयंपाकघराकडे ते फिरकत नसत. त्या दिवशी मात्र शोधत शोधत गेले. "अंधारात तांदळाच्या गोणीला टेकून बसला होता बिचारा. मी दार लोटून घेतलं, त्याला मांडीवर घेतलं, बराच वेळ थोपटत बसलो. शांत झाल्यावरच बाहेर आणलं."

मॅडमनीही त्यांचं कौतुक केलं. देणगीत आलेले कपडे वरच्या खोलीत असतात, त्यांना सर कसर लागू देत नाहीत. त्या खोलीची चावीही ते दुसऱ्या कोणाकडे देत नाहीत. धनेशरावांनी मनातल्या मनात सरांना संतपद देऊन टाकलं.

मग कोठीघर उघडलं. आत गोण्या होत्या आणि फळीवर उघड्या टोपलीत सुकट नि वाळलेले बोंबील. मुलांच्या बुधवारच्या जेवणासाठी मॅडमच्या परवानगीने हौसाबाई ते आणून ठेवत. कोंदट खोलीत वास नुसता भरला होता. आगरी पोटाच्या धनेशरावांना तिथेच भूक लागली आणि जयाबाईंनी हाक मारेपर्यंत ते हलले नाहीत.

बाहेर व्हरांड्यात प्रणित सर समोरून आले आणि धनेशरावांपाशी येताच रुमाल नाकाला लावून मागे सरकले. "माफ करा, तुमच्या कपड्यांना मासळीचा वास येतोय. मला अगदी मळमळतं."

जयाबाईंनी आर्यनचा त्या दिवशीचा शाळेचा सदरा मागितला. पुरावा म्हणून मॅडमनी तो न धुता पिशवीत बांधून ठेवला होता. जयाबाईंनी हुंगून तो धनेशरावांपुढे धरला.

"आमच्या घरच्या ट्रंकेचा वास," धनेशराव म्हणाले. "डांबराच्या गोळ्या."

जयाबाईंनी प्रणित सरांना मॅडमच्या खोलीत बोलावलं.

"सर, धनेशराव कोठीघरात थोडा वेळ उभे होते, तर तुम्हाला जवळ उभं राहवलं नाही. तिथे तुम्ही मुलाला घेऊन, दार लोटून बराच वेळ बसलात म्हणता. आम्हाला गोण्या सांगितल्यात, पण मासळीचा वास नाही सांगितलात. कारण तुम्ही आत गेलाच नव्हतात."

"त्या गडबडीत लक्ष नव्हतं."

"तुमचं नसेल. सदऱ्याला तरी वास लागला असता. याला मासळीचा वास नाही, डांबराच्या गोळ्यांचा आहे. मूल कोंडलं होतं ते कपड्यांच्या खोलीत. चावी फक्त तुमच्याकडे. वळांची वाच्यता हौसाबाईंनी केली, तेव्हा शोध तुमच्यापर्यंत येणार हे तुम्ही ओळखलंत. म्हणून त्या बाजारात गेल्यावर मुलाला तिथून काढलंत आणि कोठीघराचं नाव घेतलंत. त्याला काय धमकी दिलीत?"

प्रणित सरांचा मऊपणा कुठल्या कुठे गेला. "रोज गादी ओली करतो तो. शिस्त कोणी लावायची?"

मॅडमनी आधी पोलिसांना आणि नंतर समितीला फोन लावला. हौसाबाईंना आणायला त्या स्वतः रिक्षाने गेल्या आणि वाटेभर त्यांची माफी मागत आल्या.

दिपिकाही पोचली होती. ती जयाबाईंचे उपकार मानू लागली, तेव्हा जयाबाईंनी तिला थांबवलं. "तुम्ही आला नसतात, तर मी या पोराचं नावही ऐकलं नसतं. आभार मीच मानते." धनेशराव भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते.

हौसाबाईंनी पान वाढलं आणि आर्यनला जवळ बसवलं. पोलिसांची गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत तो भाताला शिवला नाही. मग एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि तिसरा हातातच राहिला.

"आजी, अजून दोघांना पण मारलंय सरांनी," तो म्हणाला. "त्यांना बोलवू?"