बाळंतिणीच्या खोलीतला दगड

एक होती भागूबाई, एक तिचा लेक जळबा, आणि जळबाची बायको मी. गोरेगावच्या अलीकडं आमचं घर. दुष्काळात विहीर खोल नेली तेव्हा तळातून तांबूस दगड निघाला. वाया कशाला घालवायचा, म्हणून जळबानं तो बाळंतिणीच्या खोलीत अंथरला. माझी दोन लेकरं त्याच खोलीत बारसं न बघता गेली. तिसऱ्या खेपेला पोरगी झाली, ते साल अठ्ठ्याहत्तर.

बाळंतिणीला वारं लागू द्यायचं न्हाई. झरोक्यात चिंध्या, शेगडीत ओवा-शेपाची धुरी, अन् दाराला बाहेरून कडी. कडी सासूच्या हातची; मी त्यांना आत्याबाई म्हणायची.

आठव्या दिवशी, भर दुपारी, दगडमाती तपासणारे अमृतराव साहेब आले. जळबा बाजाराला गेलेला. आत्याबाई मला निखारे द्यायला दार उघडून उभ्या. साहेबांच्या हातातला डबा अंगणात मधूनमधून टिक करायचा. उंबऱ्याशी आला अन् लाह्या फुटाव्या तसा तडतडला.

"मावशी, ह्या दगडातून डोळ्याला न दिसणारं काहीतरी निघतं. बंद खोलीत ते कोंडतं, श्वासातून छातीत जातं. झरोका उघडा, लेकरू बाहेर आणा."

"बारशाच्या आधी? डब्याचं ऐकून? तुमी किती बाळंतपणं केली, साहेब?"

"आधीची लेकरं कशानं गेली, ते मी सांगू शकत नाही. पण हवा..."

"हवा तुमीच खा!"

कडी बसली. साहेबांनी डबा बंद केला. खटका मी ऐकला.

टिकटिक थांबली न्हाई.

ती आत होती. बाजेखाली. हात ठेवला तर फरशी गार, अन् तिच्याखाली टिक... टिक... दोन ठिकाणी. धुरानं डोळे चुरचुरत होते. पोरगी थान सोडून निपचित पडली, ओठ काळसर.

"आत्याबाई, कडी काढा... लेकरू गार पडत चाललं..."

"गप पड. बारशाला काढीन." आवाज गोठ्याकडनं आला.

तेव्हा बाजेखालचा आवाज सरकला. रांगल्यासारखा. माझ्या पायाजवळून गेला, दारापाशी थांबला... अन् बाहेरची कडी खळ्ळकन पडली.

पोरगी छातीशी धरून मी उन्हात पळाले. तिनं टाहो फोडला. आत्याबाई गोठ्यापाशी, कोपरापर्यंत हात शेणात. कडी कोरडी, स्वच्छ. साहेब पार रस्त्यावर, जीपपाशी. आत्याबाईनं कडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

त्याच महिन्यात जळबानं दोन खिडक्यांचं कुडाचं घर घातलं. पोरगी जगली, पाठचे दोघं जगले, घर लेकरांनी भरलं. पोरगी तर पाळण्यात कधी रडलीच न्हाई. मी चुलीपाशी भाकरी थापायची, आत्याबाई शेतात; अन् पाळण्याची दोरी कुणी खालून ओढल्यागत ताणलेली असायची.