अडकित्त्याची संमती

लिनक्सवर शास्त्रीय सॉफ्टवेअर चढवणं म्हणजे लग्नघरातले मानपान सांभाळणं. एकाला बोलवावं, तर तो म्हणतो, आधी माझ्या आत्याला आणा. आत्या म्हणते, मेव्हणा आल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही. मेव्हण्याला धरून आणावं, तर त्याचं पहिल्याशी हाडवैर. तेजस्विनी आठवडाभर हेच निस्तरत होती. नदीचं पाणी गणितात वाहवून दाखवणारं ते सॉफ्टवेअर तिला हवं होतं. त्याला एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, लागत होती, त्या लायब्ररीला दुसरी, आणि दुसरीला पहिलीचीच जुनी आवृत्ती. माधव नगरच्या त्या घराच्या पुढच्या खोलीत ती खिडकीशी बसायची, आणि काळ्या पडद्यावर लाल अक्षरं येऊन तिचा पाणउतारा करून जायची.

हौस म्हणून हे चाललेलं नव्हतं. शिप्रेच्या राम घाटावर बायकांच्या स्नानासाठी नवा लोखंडी मंच उभा केला होता. आपल्याकडे आधी मंच उभा राहतो, मग हार येतात, आणि नदीला काय वाटतं हे सगळ्यांत शेवटी विचारतात, तेही फाइलीत कागद लागतो म्हणून. तो कागद तेजस्विनीनं करायचा होता. वरच्या बंधाऱ्याची दारं उघडली, की मंचाच्या खांबांभोवती पाणी कसं वळेल, ते तिनं दाखवायचं आणि खाली सही करायची. शरद पौर्णिमेला कार्तिकस्नान सुरू होणार, त्याच पहाटे मंच उघडणार. आणि पहिल्या रांगेत कोण? तिची आई. विजयाबाई आणि त्यांच्या भजनी मंडळातल्या बायकांनी महिनाभर आधीच जागा मुक्रर करून टाकल्या होत्या.

"तेजू, उठ आता. खंडेनवमी आहे. यंत्रांची पूजा व्हायचीये."

"आई, दोन मिनिटं."

"तुझी दोन मिनिटं म्हणजे पाऊण घंटा. मला माहीत आहे ना."

पडद्यावर एक प्रश्न येऊन थांबला होता. पुढे जायचं का? हो म्हणायचं असेल तर नुसतं एंटर. जे आत येऊ पाहत होतं ते काय आहे, हे वाचल्याशिवाय तेजस्विनी कधीच हो म्हणत नसे. तेवढ्यात फोन वाजला. घरात आवाज तुटतो, म्हणून ती गच्चीवर गेली.

फोन चिन्मयचा होता. ज्या सल्लागार कंपनीनं हे काम घेतलं होतं, तिचा इंदूरचा मॅनेजर.

"मॅडम, रिपोर्ट मी बनवून टाकलाय. तुम्ही बस सही करा. मंत्रीजी येऊन राहिले आहेत, मतलब समजून घ्या."

"पाणी चालवून बघितल्याशिवाय सही कशाची करू?"

"अहो, चार फूट पाणी आहे तिथं. खाली सगळा दगड. सर्व्हे झालाय."

"सही माझी आहे, चिन्मय. तुझ्या बापाची नाही."

ती तणतणत खाली आली, आणि दारातच थिजली. आईनं पाटावर पूजा मांडली होती. शिलाईचं मशीन, विळी, कात्री, बाबांच्या वेळचा पाना. आणि मधोमध उघडा लॅपटॉप. त्याच्या कपाळी कुंकू, गळ्यात झेंडूची माळ, वरून शिप्रेचं पाणी शिंपडलेलं. कीबोर्डावर विड्याची पानं, आणि पानांवर आजीचा पितळी अडकित्ता. त्याची जाड मूठ एंटरवर दाबून बसलेली. पडद्यावर ओळी धावत होत्या. प्रश्न येत होता, हो होत होता. प्रश्न येत होता, हो होत होता.

"आई! काय करून ठेवलंस?"

"अगं, सरस्वती आहे ती तुझी. आणि हात नको लावूस. आज हत्यारं विसावा घेतात. उद्या उचलायची."

"विसावा? ते बघ, कामाला लागलंय!"

तिनं अडकित्ता उचलला तेव्हा ओळी थांबल्या होत्या. खाली एकच शब्द होता. पूर्ण.

तिनं कपाळाला हात लावला, आणि मग हसू फुटलं तिला. जे तिला, एम.टेक. झालेल्या बाईला, आठवडाभर जमलं नव्हतं, ते विड्याच्या पानांवर बसून अडकित्त्यानं करून दाखवलं होतं. काय काय आत आलंय ते तिनं तपासलं. सगळी ओळखीची नावं, एक सोडून. त्या एकाला ना कर्ता होता, ना तारीख, ना आवृत्ती. इंटरनेटवर शोधलं, तर असं काही अस्तित्वातच नव्हतं. एरवी ती ते उपटून फेकती. पण दिवस संपत आले होते आणि गाडा चालू झाला होता. चालत्या गाड्याची खीळ कोण काढतो? तिनं ते राहू दिलं.

दुपारी तिनं पडद्यावरच्या नदीत पाणी सोडलं.

असली गणितं करताना लॅपटॉप तव्यासारखा तापतो, पंखा घरघरतो. त्या दिवशी पंखा फिरलाच नाही. तळहाताखालचा पत्रा गार होता, माठासारखा. पडद्यावर निळं पाणी आलं, पहिल्या खांबाला वळसा घालून गेलं, दुसऱ्याला घालून गेलं. तिसऱ्यापाशी ते गोल फिरू लागलं आणि खाली जाऊ लागलं.

खाली जायला जागाच नव्हती. तळ तिनं सर्व्हेप्रमाणे सपाट दिलेला होता.

तिनं आकडे तपासले. बरोबर होते. तिसरा खांब काढून टाकला. पाणी तिथंच फिरत राहिलं. शेवटी तिनं बंधारा बंद केला, वेग शून्य केला. गणितातलं पाणी आता स्थिर उभं राहायला हवं होतं. ते राहिलंही, सगळीकडे. फक्त त्या एका जागी, संथपणे, कोणीतरी चमच्यानं दूध ढवळावं तसं, ते फिरत होतं. खोलीत शेवाळाचा वास आला. तिनं खिडकी उघडली. बाहेर रणरणतं ऊन होतं.

चिन्मयला सांगितलं, तर तो खो खो हसला. "मॅडम, बग असेल. नदी घाटावर आहे, तुमच्या लॅपटॉपात नाही."

तेही खरंच होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, दसऱ्याचं सोनं वाटायच्या आत, ती घाटावर गेली. बाबूलाल केवट तिथं नाव चालवायचा, बुडणाऱ्यांना काढायचा. तिनं जागा दाखवली.

"दीदी, यहाँ तो पत्थर है. बचपन से कूद रहा हूँ."

"बांस डालो ना, भैया."

त्यानं कंटाळून बांबू टाकला. बांबू अर्ध्यावर टेकायला हवा होता. तो गेला, जातच राहिला. बाबूलालची मूठ पाण्याला टेकली, आणि बांबू त्याच्या हातून सुटला. दोघं वाट बघत राहिले. बांबू वर आला नाही. बांबू! जो बुडवू म्हटलं तरी बुडत नाही.

बाबूलाल नाव मागे घेत होता. त्यानं हात धोतराला पुसला, पुन्हा पुसला.

"छूटा नहीं, दीदी," तो म्हणाला. "लिया उसने."

तेजस्विनीनं अहवालात लिहून टाकलं: मंच धोक्याचा आहे, उघडू नये. चिन्मयला वगळून तो थेट घाटाचं काम बघणाऱ्या सरकारी साहेबांच्या टेबलावर नेऊन आपटला. साहेब म्हणजे साहेबच. आधी चहा, मग हळूच, "मॅडम, ऊपर से दबाव है."

"ऊपर का दबाव खंभे नहीं पकड़ता, सर. चलिए, बांस डालकर देखते हैं."

साहेबांसमोर दुसरा बांबू गेला. साहेब दोन पायऱ्या मागे सरले. मग ड्रायव्हरला म्हणाले, "रस्सी बंधवा दो." मंचावर हक्क सांगणारा प्रत्येक जण त्या दिवसापासून म्हणू लागला की मला आधीच शंका होती. आपल्याकडे शहाणपण असंच उगवतं, धोका टळल्यावर.

पौर्णिमेच्या पहाटे बायका जुन्या दगडी पायऱ्यांवर उतरल्या. मंच दोरीपलीकडे रिकामा उभा होता. तेजस्विनी आईचा टॉवेल धरून वर थांबली होती. वर बंधाऱ्याची दारं उघडली, पाणी चढलं. आईनं नाक धरून पहिली डुबकी मारली.

मंच मोडला नाही. कडाड वगैरे काही झालं नाही. तिसरा खांब सरळ खाली गेला, सुईत दोरा जावा तसा. मग लोखंडी फळ्या त्याच्यामागे एकेक करून वाकल्या आणि गेल्या. पाण्यावर थोडे बुडबुडे आले.

मग सगळ्याच ओरडल्या.

"अगं बाई! विजये, आपण तिथं असतो गं," सुलूमावशी म्हणाली. ती आईची भजनातली जोडीदारीण. "तेजू, तू वाचवलंस बाई. नाहीतर माझ्या सुनेनं आजच माझं कपाट उघडलं असतं."

रडता रडता सगळ्या हसल्या. तेजस्विनीनं आईला टॉवेलात गुंडाळलं आणि मिठी मारली. आई थरथरत होती, ओली होती, जिवंत होती. छातीवरचा आठवड्याचा दगड उतरला. इतकं हलकं तिला वडील गेल्यापासून वाटलं नव्हतं.

"पाय कुणीतरी धरल्यासारखा वाटला गं," आई म्हणाली. "डुबकी मारली तेव्हा. क्षणभरच. मग सोडलं."

"गारठा असेल," तेजस्विनी म्हणाली.

पुढं पाणबुडे उतरले. त्यांना तळाशी सलग दगड लागला. भोक नव्हतं. खांब सापडला नाही, फळ्या सापडल्या नाहीत, बांबूही नाहीत.

संध्याकाळी आई ओट्याशी कोजागिरीचं दूध आटवत होती आणि बोलत होती. तिला त्या दिवशी बोलायला बंधन नव्हतं. पुढच्या खोलीत तेजस्विनीनं लॅपटॉप उघडला. काम झालं होतं. घरात आलेला बिनओळखीचा पाहुणा आता काढायचा होता. तिनं त्या नाव-गाव नसलेल्या वस्तूला काढून टाकण्याचा हुकूम दिला.

पडद्यावर उत्तर आलं. काढता येत नाही. वापरात आहे.

कोण वापरतंय? तिनं एकेक करून सगळं बंद केलं. पाण्याचं सॉफ्टवेअर तर आधीच काढलं होतं. पुन्हा हुकूम दिला. वापरात आहे.

"…आणि सुलू म्हणते कशी," आतून आई सांगत होती, "म्हणते, माझी साडी नवी होती, म्हणून तर मी दोन पायऱ्या…"

तेजस्विनीला राग आला. माझं यंत्र, माझा हुकूम. अशा वेळी जबरदस्तीनं काढायचा एक मार्ग असतो. तो तिनं टाइप केला आणि एंटर दाबलं.

काढत आहे.

शेवाळाचा वास आला.

काहीतरी थांबलं होतं. काय, ते तिला आधी कळेना. पंखा चालू होता. रस्त्यावर रिक्षा चालू होती.

आईचा आवाज थांबला होता.

"आई?"

काही नाही. दूध उतू जाऊन गॅसवर पडल्याचा फस्स असा आवाज आला. करपल्याचा वास आला. आई काहीच म्हणाली नाही.

दारातून तिला ओटा दिसत होता. आई पाठमोरी उभी होती, हातात डाव, डावातून दूध ठिबकत होतं. खांदे हलत नव्हते. श्वासानं हलतात, तेवढेही नाही.

तेजस्विनीची बोटं आपणहून गेली. कंट्रोल आणि सी, चालता हुकूम तोडणारी जोडी.

रद्द केले.

"…वर थांबले," आई म्हणाली. मग किंचाळलीच, "अगं, दूध उतू गेलं! कसं गेलं? मी इथेच तर उभी आहे!"

तेजस्विनी धावत गेली आणि तिला मागून घट्ट धरलं. आई ऊबदार होती. वेलदोड्याचा वास येत होता.

"सोड गं, वेडे. काय झालं? रडतेस काय? दूधच तर आहे."

"काही नाही. बोलत राहा."

चिन्मयनं पुढच्या कामासाठी नवा, भारी लॅपटॉप पाठवला. तेजस्विनी त्यावरच काम करते. जुना खिडकीशी उघडा असतो, त्यावर दुसरं काही चालवत नाही. इन्व्हर्टर तिनं घेतला, आणि त्याला मोठी बॅटरी. आईची तब्येत छान आहे. ती दिवसभर बोलते, भजनाला जाते, सुलूमावशीच्या सुनेची नक्कल करते. कधी पोळी लाटता लाटता एखादा शब्द आठवेनासा होऊन ती मध्येच थांबते.

अशा वेळी तेजस्विनी आधी चार्जरचा दिवा बघते. मग आईकडे.