लाल बाजू

ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं. मीही इंजिनिअर माणूस, महिन्यापूर्वी असल्या गोष्टींवर हसतच होतो. पण हे माझ्या सख्ख्या दाजींसोबत घडलंय. घडलंय म्हणण्यापेक्षा... अजून घडतंय.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. जूनमधली भर दुपार होती, दोहाच्या इंडस्ट्रियल एरियातली.

माझे दाजी, शहाजी, खटावकडचे. आधी फौजेत आणि नंतर इराकमध्ये एका कंपनीत त्यांनी एकच काम केलं. लढाई संपलेल्या गावांतून पेरलेले सुरुंग आणि न फुटलेले गोळे शोधून काढायचे, म्हणजे लोकांना पुन्हा आपल्या शेतात पाय ठेवता येतो. माझ्या बहिणीनं, सरोजताईनं, देव पाण्यात घातले तेव्हा कुठे त्यांनी ते सोडलं. माझ्या ओळखीनं ते दोहाला आले आणि भंगाराच्या यार्डात लागले. बाहेरदेशातून भंगार येतं, त्यात कधी जिवंत गोळा निघतो. दाजींनी माल तपासायचा, मग क्रेनवाला रमीज तो उचलून भंगार दाबायच्या प्रेसमध्ये टाकणार.

रमीज राजापूरचा. दोघांची मराठी एकमेकांना निम्मीच कळायची, तरी दिवसभर गप्पांना खळ नाही.

त्याच आठवड्यात ताई आणि आठ वर्षांची अंतरा सुट्टीला येणार होत्या. दाजींचे पाय जमिनीवर नव्हते.

त्या सकाळी एक कंटेनर उघडला. भंगारासोबत मातीचा ढीग खाली आला, आणि त्यातून एक दगड घरंगळला.

अर्धा लाल. अर्धा पांढरा.

दाजींनी तो ओळखला.

सुरुंग पेरलेल्या जागेभोवती असे दगड मांडतात. लाल बाजू सुरुंगांकडे, पांढरी बाजू माणसांकडे. पांढरं दिसतंय, म्हणजे तुम्ही बाहेर आहात.

लाल दिसलं... तर तुम्ही आत आहात.

उन्हाळ्यात इथे दुपारी उघड्यावर काम बंद असतं. मॅनेजरनं बजावून ठेवलं होतं की दुपारची सुट्टी संपली की हा माल प्रेसमध्ये गेलाच पाहिजे. म्हणजे उचलणार रमीज. त्या मातीत काही असलं तर पहिला तोच जाणार.

रमीज नमाजला गेला होता. बाकी सगळे एसीत आडवे झालेले. दाजींनी बारीक सळई घेतली आणि ते एकटेच ढिगाकडे निघाले.

या कामात एकट्यानं जायचं नसतं. मागे जोडीदार लागतोच. दाजींनी हे कितीतरी पोरांना ओरडून ओरडून शिकवलं होतं. पण दोहाच्या भंगार यार्डात कसला जोडीदार आणि कसलं काय!

ढिगाजवळ पोचले तोच वारा उठला, म्हणून ते परत फिरले. धूळ इतकी, की यार्डाची भिंत दिसेना. क्रेन दिसेना.

मग एसीच्या यंत्रांची घरघर थांबली.

मग रस्त्यावरचे ट्रक...

मग काहीच ऐकू येईना.

दाजींनी खाली पाहिलं. समोर दगड होता. लाल.

डावीकडे... लाल.

उजवीकडे... लाल.

दाजी होते तिथेच थिजले. नियमच तसा आहे. आत सापडलात तर पाऊल उचलायचं नाही. वळायचंही नाही. हाक मारायची आणि उभं राहायचं. जोडीदार मागून गुडघ्यांवर येतो, सळईनं वीत-वीत जमीन चाचपत. खांद्यावर हात ठेवतो, नाव घेतो. तेव्हाच वळायचं.

पण हाक मारली तर धावत कोण येणार? रमीज. ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही. तो सरळ चालत आत शिरणार.

दाजींनी तोंड मिटून घेतलं. घाम डोळ्यांत उतरत होता, तो पुसायलाही हात उचलला नाही.

आणि मागून आवाज आला.

टिक...

सळई दगडाला लागावी तसा.

टिक... टिक...

कुणीतरी येत होतं. शिस्तीत, जमीन चाचपत. दाजी म्हणतात, इतकं सफाईदार काम त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. फक्त त्या माणसाचा श्वास ऐकू येत नव्हता.

आवाज टाचांपाशी आला... आणि थांबला.

आता खांद्यावर हात पडणार. तो पडू नये म्हणून दाजींनी कुलदैवताचा धावा सुरू केला.

“ओ शहाजीभाय! करक थंड होतंय!”

समोरच्या धुळीतून रमीज येत होता. हातात चहाचे दोन कप.

“थांब! हलू नगंस रमीज! दगडं बघ!”

“बघितले ना. कोणी मांडलेन हो हे? पांढरेफेक दिसतायत!”

त्यानं दगडावरून टांग टाकली. सरळ चालत आला आणि दाजींचा दंड धरला.

काही फुटलं नाही.

“उन्हानं डोकं फिरलाय तुमचा. चला, यल्ला!”

त्यानं हाताला धरून दाजींना बाहेर आणलं. धूळ बसली. दगड एकही नव्हता. दाजींनी मागे पाहिलं, तर वाळूत गुडघ्यांच्या खुणा होत्या. ढिगापासून, दाजी उभे होते तिथपर्यंत.

परत गेल्याच्या खुणा नव्हत्या.

दाजींनी हट्टानं तो माल बाजूला ठेवायला लावला. मॅनेजर बडबडला. संध्याकाळी दाजी माझ्याकडे मदिनत खलीफाला आले. ताईसाठी आम्ही खोली आवरत होतो, तेवढ्यात फोन आला. रमीजच्या खोलीतला कुणीतरी होता.

“रमीज हिल नहीं रहा. आपको बुला रहा है.”

मीच गाडी काढली.

खोलीच्या मधोमध रमीज उभा होता. खांद्यावर टॉवेल. बाकीची पोरं दाराबाहेर चिडीचूप.

“शहाजीभाय... लाल दिसतायत. चारी बाजूनी.”

मला फक्त फरशी दिसत होती.

दाजींनी सोबत आणलेली सळई काढली. उंबऱ्यापाशी गुडघ्यांवर बसले आणि सळईनं एकेक फरशी चाचपत पुढे सरकू लागले.

टिक... टिक...

अर्ध्यात थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा पांढरा पडला होता.

“पियूष... त्यो आवाज आस्साच हुता.”

ते रमीजपर्यंत पोचले. खांद्यावर हात ठेवला. नाव घेतलं. रमीज वळला आणि लहान पोरासारखा रडत दाजींच्या गळ्यात पडला.

रमीज आता राजापूरला आहे. ठणठणीत आहे. जेवतो, झोपतो, त्याला काही दिसत नाही.

त्या रात्री माझ्याकडे परतताना गाडीत दाजी एवढंच म्हणाले, “आनायला जो आत जातो ना, त्यो...” पुढचं गिळून टाकलं. मी म्हटलं, ऊन लागलंय दोघांना. मला तसंच मानून घ्यायचं होतं.

दोन दिवस काही झालं नाही. मग ताईचं विमान उतरलं.

ताईच्या पुढे अंतरा. बाबा दिसल्याबरोबर पोरीनं ताईचा हात सोडला आणि धूम ठोकली.

“थांब!” दाजी असे ओरडले की सगळे प्रवासी वळून बघायला लागले. “अंतरा! तिथंच थांब!”

पोर थबकली. तिचे ओठ थरथरायला लागले. दाजी पाय जुळवून उभे होते आणि त्यांची नजर जमिनीवरून गोल फिरत होती.

मला सगळं कळलं. ताईला काय कळणार?

“अवो, असं काय करताय? पोरगी भ्याली की!” तिनं ट्रॉली सोडली आणि तरातरा निघाली.

“सरोज, नगं! तुझ्या पाया पडतो, नगं येऊ!”

ताई गेली. नवऱ्याचा हात धरला आणि त्याला घेऊन आली. इतकं सोपं. घरी येईपर्यंत दाजी मागच्या सीटवर ढसाढसा रडत होते. ताई म्हणाली, “इतकी आठवण येत हुती तर आधी बोलवायचं न्हाई का?”

ही परवाची गोष्ट.

आज दाजी ड्यूटीवर आहेत. मी अंतराला घेऊन हॉलमध्ये बसलोय. ताई स्वयंपाकघरात आहे. कुकरच्या शिट्ट्या कधीच्या झाल्या. गॅस अजून चालूच आहे. भात करपल्याचा वास येतोय.

आत्ता ताईनं हाक मारली.

“पियूष, किचनमधी हे लाल दगड कुणी ठेवलेत रे?”

मी दाजींना फोन केला. ते निघालेत. म्हणाले, “म्या येस्तवर कुणी आत जाऊ नगा. पोरीला धरून ठेव.”

आणि ते आल्यावर? ते आत जाणार. ताई सुटणार. आणि पुन्हा दाजी...

मी एका हातानं हे टाइप करतोय. दुसऱ्या हातात अंतराचं मनगट आहे.

“मामा, सोड ना. आईला भीती वाटतीय. मी पटकन घेऊन येते तिला.”

पोर सगळी ताकद लावून दाराकडे ओढतेय. ताई आतून रडवेल्या आवाजात तिचंच नाव घेतेय.

मी सोडलेलं नाही.