चोचीचा कप

दिवे गेले आणि पोरं पायऱ्यांवर जमली की मीटरवाले काका ही गोष्ट सांगतात. घरोघरची पाण्याची मीटरं वाचण्यात त्यांचा जन्म गेला. ज्याची ही गोष्ट, त्याला ते ओळखत. तसला माणूस ओळखीचा आहे हे सांगायचीही लाज वाटावी, असा होता तो.

गल्लीत त्याला ‘कितीयेतील’ म्हणत. कुणाच्याही घरी गेला की वस्तू उलटी करून बूड बघायचा आणि विचारायचा, याचे किती येतील? मावशी चार महिने अंथरुणाला खिळली, तर हा भाचा तिच्या उशाशी बसून कपाटाची मापं घेत होता. ती गेली, आणि आठवड्याच्या आत हा तिचा एक कप पिशवीत घालून जुन्या वस्तूंच्या दुकानात हजर.

पांढरा चिनीमातीचा कप. तोंड अर्धं झाकलेलं, एका बाजूला किटलीसारखी चोच, पोटावर निळं दीपगृह. दुकानदार म्हणाला, कुठल्यातरी सहलीच्या गावची आठवण दिसते, असं जमवणारे शौकीन असतात, पण केसाएवढाही तडा नको. काठोकाठ भरा, रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागद कोरडा निघाला तर घेऊन या.

मंगळवारी रात्री त्याने मावशीच्याच घरी कप भरून ठेवला. सकाळी कागद कोरडा. कुरकुरीत.

कपही कोरडा.

तेवढ्यात मावशीची आयाबाई आपले राहिलेले कपडे न्यायला आली. शौकिनाला विकायची सहलीची आठवण आहे ही, यातलं पाणी तूच प्यालीस, असं हा तिलाच म्हणाला. तिने त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं.

“मी आत्ता येतेय. आणि ही कसली आठवण घेऊन बसलात? आजाऱ्याला पडल्यापडल्या पाणी पाजायचा कप आहे हा. सांडू नये म्हणून अर्धं झाकण. चित्राला भुललात होय?” मग कपडे उचलत म्हणाली, “शेवटच्या रात्री मी सुट्टीवर होते. पाजलंत ना तुम्ही?”

“पाजलं.”

खोटं. त्या रात्री मावशीने तीनदा पाणी मागितलं. हा बाजूच्या खोलीत भांड्यांची यादी करत होता. सकाळी देतो, असं तिथूनच ओरडला. सकाळी द्यायला कुणी उरलं नव्हतं.

पण मेलेल्या मनाला काय टोचणार? आयाबाईला काय अक्कल, असं म्हणून त्याने बुधवारी कप पुन्हा भरला. मावशीच्या रिकाम्या खाटेजवळच्या स्टुलावर ठेवला. दाराला कडी घातली. बॅटरी हातात धरून समोर बसला. चोर पकडायचा होता ना त्याला.

एक वाजून वीस मिनिटं.

पाणी हललं नाही. नुसतं खाली गेलं.

बोटभर...

चोचीतून आवाज आला. सुर्र... मग थांबणं. म्हातारं माणूस धाप टाकायला थांबतं तसं. पुन्हा सुर्र...

कप रिकामा.

खाटेवरची उशी मध्ये दबली होती.

“अजून...”

त्याने तांब्यातून ओतलं. थेंब सांडला नाही.

सुर्र...

“अजून...”

तांब्या संपला. कळशी संपली. तो मोरीत जाऊन भरून आणी. येताना दाराबाहेर पळावं, तर पाय खाटेकडेच वळत...

उजाडेपर्यंत.

सकाळी त्याने बाहेर मीटरजवळची मोठी तोटी पिळून घराचं पाणीच बंद केलं, घराला कुलूप लावलं आणि गेला. कप तिथेच राहिला. त्याचे किती येतील, हे त्याने पुन्हा कुणाला विचारलं नाही.

आठ महिने झाले. कुलपावर गंज चढलाय. तोटी तशीच घट्ट बंद. काका दर महिन्याला स्वतः हात लावून बघतात, मग मीटरची काच पुसतात.

आकडा पुढे गेलेला असतो. फार नाही. एका आजारी माणसाला रोज रात्री लागेल तेवढाच.