खिडकीतलं बुजगावणं

त्या दिवशी पाव नीट फुगला नाही, म्हणून मी सकाळपासूनच वैतागले होते. त्यात डोक्यावर साहेबांच्या येरझाऱ्या. खिडकी ते दार, दार ते खिडकी.

साहेब म्हणजे सर अँब्रोज थेलवेल, राजाचे गव्हर्नर. पण आमच्या शहरात आता राजाचं नाव काढायची सोय राहिली नव्हती. फाटकाबाहेर दिवसभर माणसं उभी असायची. साहेब खिडकीत वाचत बसलेले दिसले, की ती गप्प राहायची. खुर्ची रिकामी दिसली असती, तर घरात घुसलीच असती. राजाची युद्धनौका बंदरात उभी होती. साहेबांना तिथवर जिवंत पोचवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. माझा नवरा बुडाला, तेव्हा याच माणसानं मला स्वयंपाकाला ठेवून थारा दिला होता.

चौकातल्या एल्मच्या झाडावर लोक अधूनमधून साहेबांचं बुजगावणं लटकवायचे. पोराबाळांसकट बघायला जायचे. म्हटलं, त्यांना जमतं, मला का नाही जमणार? पेंढा भरला, साहेबांचा लाल कोट चढवला, पिठाच्या पिशवीवर कोळशानं डोळे काढले, वर केसांचा टोप बसवला आणि पुस्तक देऊन त्याला खिडकीतल्या खुर्चीत बसवलं.

साहेब बघतच राहिले.

"कीझायाबाई, हा माझ्यापेक्षा शांत बसलाय हो."

"त्याला कशाची धास्ती, साहेब?"

ते हसले नाहीत. मान खाजवत होते.

"कालपासून हा पेंढा टोचतोय," म्हणाले.

पेंढा मी त्याच दिवशी आणला होता. झोप नाही, खाणं नाही, माणूस असं बरळणारच, असं मी मनाशी म्हटलं.

संध्याकाळी समुद्रावरून धुकं आलं. मी सांगून ठेवलेला नावाडी ओबेड टकर होडी घेऊन मागच्या खाडीत आला. मी जिना चढू लागले आणि वरच्या येरझाऱ्या थांबल्या.

खोलीत अंधारलं होतं. एक जण खुर्चीत, एक दाराशी उभा. उभ्याच्या अंगावर ठरल्याप्रमाणे प्रवासाचा झगा, डोक्यावर हॅट, डोळ्यांपर्यंत गुंडाळलेला मफलर.

"चला साहेब," म्हणत मी दंड धरला. निमूट आले. जिन्यावर पाऊल वाजलं नाही. चला, भीतीनं का होईना, शहाणपण आलं! त्यांची कुत्री जुनो एरवी त्यांची पाठ सोडायची नाही. ती खुर्चीपाशीच बसून राहिली. मी दोनदा हाक मारली, तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

होडी धुक्यात गेली, तेव्हा मला रडूच आलं. सुटले बिचारे.

थोड्याच वेळात फाटक मोडलं. जमावाच्या पुढे होता नॅथन पूल, आमच्या गल्लीतला पिंपं बनवणारा.

"कुठाय गं तो, मावशी?"

"गेला! बसा आता हात चोळत!"

नॅथननं खुर्चीतल्याच्या हातातलं पुस्तक ओढलं, पिशवीचं तोंड पाहिलं आणि खो खो हसत सुटला. "म्हातारीनं उल्लू बनवलं रे आपल्याला! चला, यालाच लटकवू."

"न्या. कोट तेवढा परत आणा, कापड चांगलं आहे." मीही हसले.

उचलायला चौघं लागले.

"काय भरलंयस गं यात? दगड?"

जुनो भुंकत त्यांच्यामागे धावली.

ओबेड परत आला, तेव्हा मी पाव कापत होते.

"पोचले?"

"पोचले. वाटभर अवाक्षर नाही. आणि काय हलके गं! एका हातानं उचलून जहाजाच्या शिडीवर ठेवलं मी. जेवायला घालत होतीस की नाही?"

त्याच्या ओल्या बाहीला पेंढा चिकटला होता.

मी सुरी टाकली. तशीच शालीशिवाय चौकाकडे धावले.

लोक घरी गेले होते. फांदी वाकली होती. लाल कोट सावकाश फिरत होता.

पिशवीवरचे कोळशाचे डोळे खालपर्यंत ओघळले होते.

जुनो झाडाखाली बसली होती. वर बघत शेपटी हलवत होती.