तण न उगवणारी वाळू

"उद्या सकाळी उद्घाटन, आणि आपण अजून इथेच लोळतोय!" खारूताई तिसऱ्यांदा ओरडली. तिचं खरं नाव फक्त हजेरीपटाला माहीत. ती एका जागी पाच मिनिटं बसेल तर शपथ!

"लोळतोय कुठे? मी विचार करतोय," बाकावर पसरलेला तिचा मित्र ढब्बू म्हणाला.

"तू विचार करायला लागलास की घोरतोस," चष्मिसने टोला हाणला.

एरवी खारूताई खिदळली असती. पण तिचा धाकटा भाऊ छोट्या पंधरा दिवस पोट धरून रडत होता. जंतांचं औषध देऊन झालं, फरक शून्य. पोरगं पांढरंफटक पडलेलं. आणि रोज तो खेळायचा कुठे? तर बागेतल्या नव्याकोऱ्या वाळूच्या हौदात! बाबाच बागेचे माळी, त्यामुळे हौदाच्या उद्घाटनाआधीच त्याला मोकळं रान. अंगठा तोंडात, अंगठा वाळूत, परत तोंडात.

"महिना झाला, या वाळूत एक तण नाही, एक मुंगी नाही," ती म्हणाली. "मला हे बरं दिसत नाही."

बाबांना नेमकं त्याचंच कौतुक होतं. तण उपटून उपटून कंबर मोडलेला माणूस तो! "शंभर नंबरी वाळू!" ते सगळ्यांना सांगत. "बंद खाणीच्या साहेबांनी ट्रक भरून पाठवली. खुरपं हातात धरायला नको!"

"चला खाणीवर!" खारूताई सायकलवर बसलीसुद्धा.

खाणीमागे हौदातल्या वाळूसारख्याच राखाडी चुऱ्याची टेकडी होती. तिच्यावर गवताची एक काडी नव्हती. पायथ्याशी ट्रकचा ड्रायव्हर डबा सोडत होता, पण आधी त्याने साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. एकदा नाही, दोनदा!

"काका, एवढं काय घासताय?" ढब्बूने विचारलं.

"इथला नियमच आहे, बाळा. आणि तुम्ही कशाला हात लावू नका. पळा!"

खारूताई चमकली. तिचे आजोबाही जेवायच्या आधी अगदी असेच हात धुवायचे! आजोबांनी याच खाणीत जन्म काढला होता. गुडघ्यांमुळे ते घराबाहेर पडत नसत, नव्या हौदाची वाळू त्यांनी पाहिलीच नव्हती.

खारूताईने हौदातला चिमूटभर चुरा कागदात आणून दाखवताच आजोबा ताडकन ओरडले, "टाक तो! दगडातून शिसं आणि जस्त काढून उरलेला गाळ आहे हा. शिसं थोडं राहतंच त्यात. हळूहळू पोटात जातं, पोरांना तर फारच वाईट!"

खारूताई धावत बाबांकडे गेली. पण बाबा चिडले. "साहेब एवढा शिकलेला माणूस, तो पोरांच्या जिवावर उठेल? आजोबांना कुठेही खाणच दिसते!"

सकाळी साहेब आले. भाषणात त्यांनी ओंजळभर वाळू उचलून दाखवली. "पाहा, किती स्वच्छ!"

खारूताई बिस्किटांची बशी घेऊन पुढे सरसावली. "साहेब, तोंड गोड करा ना!"

साहेबांचा हात बशीपर्यंत गेला आणि तिथेच थबकला. "आधी... जरा पाणी आणा. साबण पण."

"का? स्वच्छ आहे ना?" खारूताईने बशी पुढेच धरली. "माझा भाऊ महिनाभर हात न धुता इथेच खेळलाय!"

साहेब घाईघाईने रुमालाला हात पुसू लागले. बाबांनी एकदा त्या हाताकडे पाहिलं, हौदात उतरणाऱ्या पोरांना बाहेर काढलं आणि छोट्याला कडेवर घेऊन थेट दवाखाना गाठला.

रक्तात शिसं निघालं. "वेळेवर आणलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वाळू बंद, औषध सुरू, आणि दर महिन्याला तपासणी. शोध कुणी लावला?"

"माझ्या पोरीनं," बाबा म्हणाले. "मी ऐकलं नाही तिचं." त्यांचे डोळे भरून आले होते. ढब्बू-चष्मिसच्या पाठीवरही थाप पडली.

धूळ उडू नये म्हणून वाळू ओली करून, झाकून, साहेबांच्याच खर्चाने परत गेली. खाणीच्या टेकडीला कुंपण आलं. हौदात नवी माती पडली, आणि दोन आठवड्यांनी छोट्या ओरडला, "बाबा, तण!"

बाबा सवयीने वाकले, त्यांनी ते इवलंसं पातं चिमटीत धरलं आणि सोडून दिलं.

"राहू दे," ते म्हणाले.